बारा-तेरा वर्षांची वेबसाइट: मोडीत काढायची की डागडुजी करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. २०१२ साली एका सभासदाच्या मुलानं वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायच्या तयार प्रणालीवर) वेबसाइट करून दिली, तो आता परदेशात असतो. साइटवर चारशेच्या आसपास पानं आहेत: व्याख्यानमालेचे वृत्तांत, परिसराचा इतिहास, जुन्या दिवाळी अंकांतले लेख. आता ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ असं म्हणतो, मोबाइलवर पान उघडता उघडत नाही, काही लेखांत अक्षरांचा कचरा दिसतो आणि साइटवर शोधलं तर काही सापडत नाही. एजन्सीवाले म्हणतात, ही काढून टाका, नवी करू. ऐकावं का?

माझं उत्तर: अजून नको. तुमची अडचण साइट जुनी झाल्याची नाही, तिला वाली नसल्याची आहे. नवी केलीत आणि तिलाही वाली नसला, तर चार वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा विचाराल. फक्त तोवर जुनी चारशे पानंही हातची गेलेली असतील.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर ठरतात, त्या आधीच सांगतो. पानं वीस-पंचवीसच असती तर मीही नवी करा म्हणालो असतो. साइट हॅक झालेली असेल तर क्रम बदलतो. गूगलवर आपल्या डोमेनपुरता (साइटच्या नावापुरता) शोध घेऊन बघा. चारशेऐवजी हजारो पानं दिसली आणि त्यांत जपानी मजकूर किंवा औषधांच्या जाहिराती असल्या, तर आधी सफाई. आणि महिन्याला दोन तास देणारं माणूस वाचनालयाकडे खरोखरच नसेल, तर वर्डप्रेस ठेवूच नका. मजकूर साध्या एचटीएमएल पानांत काढून ठेवा. त्या पानांना अद्ययावत करायला प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्राम) नसतात आणि फोडायला लॉगिन नसतं.

आता सुरुवात किल्ल्यांपासून. तीन किल्ल्या लागतात: डोमेनची नोंदणी, होस्टिंगचं (साइट जिथे ठेवलेली असते त्या जागेचं) खातं आणि वर्डप्रेसचं प्रशासक लॉगिन. पैकी डोमेन सगळ्यांत मोलाचं. होस्टिंग बुडालं तर दुसरीकडे घेता येतं, डोमेन गेलं की नाव गेलं. बहुतेक संस्थांच्या बाबतीत ते करून देणाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात पडलेलं असतं. तो मुलगा अजून फोन उचलतोय तोवर ते संस्थेच्या नावावर करून घ्या, आणि खात्याला ईमेल सचिवांचा नको, संस्थेचा द्या. सचिव बदलतात. नोंदणीदाराचं नाव बदललं की काही कंपन्या ६० दिवस हस्तांतर रोखून धरतात, म्हणून हे काम मुदत संपायच्या तोंडावर काढू नका.

स्वयंचलित नूतनीकरणावर विसंबू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून परस्पर होणाऱ्या आवर्ती वसुलीला रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत. परदेशी कंपनीकडे नोंदवलेलं कार्ड बऱ्याचदा ऐनवेळी चालत नाही आणि त्याची सूचना जुन्या ईमेलवर जाते. त्यापेक्षा एकदम पाच वर्षांचे पैसे भरून टाका, जास्तीत जास्त दहा वर्षांचे भरता येतात. डॉट कॉम नावाची मुदत उलटली की कंपनीगणिक काही दिवसांची सवलत मिळते. ती संपली की ३० दिवस जबर दंड भरून नाव सोडवता येतं, आणि त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणालाही घेता येतं. जुनी, दुवे मिळालेली नावं उचलायला लोक टपलेले असतात आणि पुढे तिथे जुगाराची पानं झळकतात.

दुसरं काम बॅकअप. बॅकअप म्हणजे डेटाबेस आणि फाइली, दोन्ही. नुसता डेटाबेस घेतला तर फोटो नाहीत, नुसत्या फाइली घेतल्या तर मजकूर नाही. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या जागी, त्यांतली एक गावाबाहेर, म्हणजे क्लाउडवर. होस्टिंग कंपनी घेते तो बॅकअप यात धरू नका, खातं बंद झालं की तोही त्याच्यासोबत जातो. आणि परत उभा करून पाहिला नाही तोवर त्याला बॅकअप म्हणू नका. दर तीन महिन्यांनी तो एखाद्या चाचणी पत्त्यावर चढवा आणि पाच गोष्टी उघडा: एक मराठी लेख, एक फोटोंचं दालन, एक पीडीएफ, शोध आणि संपर्काचा फॉर्म. मराठी लेख मुद्दाम पहिला घेतला आहे. डेटाबेस उतरवताना वर्णसंच (अक्षरं साठवायची सांकेतिक पद्धत) चुकला की अख्खा मजकूर प्रश्नचिन्हांचा होतो, आणि ते कळतं नेमकं गरजेच्या दिवशी.

बॅकअप हातात आला की मगच अद्ययावत करायला घ्या, आणि तेही चालत्या साइटवर नको, चाचणी प्रतीवर. २०१२ ची साइट असेल तर सर्व्हरवर पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) ५.६ असण्याची शक्यता बरीच. इथून थेट ८ वर उडी मारली की पांढरं पान दिसतं. जुन्या थीममध्ये (साइटच्या रंगरूपाच्या साच्यात) आणि प्लगइनमध्ये वापरलेली काही फंक्शनं ७ मध्ये गेली, काही ८ मध्ये. म्हणून टप्पे पाडा. वर्डप्रेसची ६.२ ही आवृत्ती पीएचपी ५.६ वर चालणारी शेवटची, ६.३ ला किमान ७.० लागतं. आधी आहे त्या पीएचपीवर वर्डप्रेस ६.२ पर्यंत न्या, ती आवृत्ती वर्डप्रेसच्या जुन्या आवृत्त्यांच्या पानावरून उतरवून घ्यावी लागेल. मग पीएचपी ७.४ करा, प्लगइन आणि थीम अद्ययावत करा, वर्डप्रेस ताजं करा आणि शेवटी पीएचपी ८ च्या चालू शाखेवर जा. ७.४ वर मुक्काम नको, तिला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलं. प्रत्येक टप्प्यानंतर वरच्याच पाच गोष्टी तपासा. एका वेळी एकच बदल, म्हणजे मोडलं तर कशानं मोडलं ते कळतं.

थीम अद्ययावत करण्याआधी एक शंका फेडून घ्या: कुणी थीमच्या मूळ फाइलींत हात घातलाय का? २०१२ च्या हौशी कामात बहुतेक वेळा घातलेला असतो. अद्ययावत केलं की ते बदल पुसले जातात आणि ‘साइट बिघडली’ अशी ओरड होते. मूळ थीमची तीच आवृत्ती उतरवून फाइली ताडून बघा आणि बदललेला भाग चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमला जोडलेल्या वेगळ्या साच्यात, हलवा. विकत घ्यायचं प्लगइन ‘फुकट’ मिळवून बसवलेलं दिसलं तर काढून टाका. वर म्हटलेली जपानी पानं बऱ्याचदा त्याच वाटेनं आत येतात.

‘सुरक्षित नाही’ हे प्रकरण त्या मानानं किरकोळ आहे. क्रोमनं जुलै २०१८ पासून एचटीटीपीएस (ब्राउझर आणि साइट यांच्यातली सुरक्षित जोडणी) नसलेल्या सगळ्याच पानांवर तसं लिहायला सुरुवात केली. त्या जोडणीला लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते, होस्टिंगच्या पॅनेलमध्ये बहुधा एका बटणावर मिळतं. ते ९० दिवसांचं असतं आणि आपोआप बदललं जायला हवं. प्रमाणपत्रांच्या मुदती पुढे आणखी कमी होत जाणार आहेत (२०२९ पर्यंत जास्तीत जास्त ४७ दिवस), तेव्हा हातानं बदलायची सवय लावूच नका. विकतचं प्रमाणपत्र घ्यायचा आग्रह एजन्सीनं धरला तर त्यातून वाचनालयाला जादा काय मिळणार, ते लिहून मागा.

आता अक्षरांच्या कचऱ्याकडे येऊ. इथे जरा थांबतो, कारण बाकीची कामं कुणीही वर्डप्रेसवाला करील, हे मराठी वाचणाऱ्यालाच करावं लागतं. ‘कचरा’ या एकाच शब्दाखाली चार वेगवेगळे आजार आहेत.

पहिला: रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी, पण शब्दांमधल्या मोकळ्या जागा बरोबर. हा मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टंकलेला आहे, दिवाळी अंकाच्या छापखान्याकडून आलेल्या फाइली थेट चिकटवल्या की असं होतं. मजकूर शाबूत आहे, रूपांतर करावं लागेल. प्रत्येक फाँटचा नकाशा वेगळा असल्यामुळे आधी फाँट ओळखा, नाव छापखान्याच्या मूळ फाइलीत सापडतं. रूपांतरक चुकतो ते ठरलेल्या जागी. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते आणि रफार अक्षरानंतर, युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांना समान असलेल्या अक्षरसंकेतात) नेमकं उलट. साधा रूपांतरक वेलांटी एकच घर पुढे सरकवतो, त्यामुळे ‘निर्णय’मधलं ‘नि’ बरोबर येतं, पण ‘स्थिती’चं ‘स्िथती’ होतं. अर्ध्या अक्षरानंतर लगेच वेलांटी आलेली जागा युनिकोड मराठीत कधीच बरोबर नसते. म्हणून रूपांतरानंतर हलन्त चिन्ह आणि त्याला लागून वेलांटी अशी जोडी शोधली की निम्म्याहून अधिक चुका एका फटक्यात हाती लागतात. उरलेलं मुद्रितशोधन माणसानंच करायचं, आणि वाचनालयाकडे वाचणाऱ्यांची वानवा नसावी.

दुसरा: डोक्यावर टोप्या असलेली रोमन अक्षरं, तीच तीन-चार पुन्हा पुन्हा. इथे मजकूर युनिकोडमध्येच आहे, पण डेटाबेसचा तक्ता त्याला लॅटिन समजतोय. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या पद्धतीत) तीन बाइट घेतं, आणि ते तीन बाइट तीन वेगळी अक्षरं म्हणून छापले जाताहेत. उपाय असा: तो कॉलम आधी बायनरी प्रकारात न्या, मग यूटीएफ८एमबी४ या वर्णसंचात. मधली पायरी गाळून थेट वर्णसंच बदलला तर डेटाबेस त्या टोपीवाल्या अक्षरांचंच इमानदारीत भाषांतर करून ठेवतो आणि दुखणं दुहेरी होतं.

तिसरा: नुसती प्रश्नचिन्हं. हा मजकूर गेला. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं साठवलेली आहेत, कोणतंही साधन ती उलटवू शकत नाही. जुना बॅकअप शोधा, नाहीतर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्या पानाचा जुना पत्ता घालून बघा. तिथेही नसेल तर छापील अंकावरून पुन्हा टंकणं.

चौथा: चौकोनी डबे. हा आजारच नव्हे, वाचणाऱ्याच्या यंत्रात फाँट नाही एवढंच. वेबफाँट, म्हणजे साइटनंच पुरवलेला फाँट, दिला की संपलं. लेखाच्या उताऱ्याच्या शेवटी मात्र काळ्या चौकटीतलं एखादंच प्रश्नचिन्ह दिसत असेल, तर थीम उतारा बाइट मोजून कापते आहे आणि तीन बाइटांचं अक्षर मधोमध तुटतं आहे. कापणारं फंक्शन मल्टीबाइट प्रकारचं करून घ्या.

शोध चालत नाही याचंही मूळ इथेच सापडेल. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी, आणि सवयीनं नंतरही, लोक अ टंकून त्यावर चंद्र देत. ‘ॲड’ आणि ‘अॅड’ पडद्यावर जवळपास सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द. म्हणून ‘ॲड.’ लिहून वकील वक्त्यांचे वृत्तांत शोधले तर निम्मेच येतात. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र हीच भानगड करतो: कुणी ऱ वापरून लिहितो, कुणी साधा र आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. युनिकोडचं ठरावीक सामान्यीकरण या दोन्ही ठिकाणी कामाला येत नाही, एक रूप ठरवून बाकीची बदलून घ्यावी लागतात. हा बदल डेटाबेसमध्ये उघड्या हातानं करू नका. वर्डप्रेस आपल्या काही मांडण्या मजकुराच्या लांबीसकट साठवतं. ‘अॅ’चे सहा बाइट, ‘ॲ’चे तीन. लांबी जुळली नाही की विजेट गायब होतात. वर्डप्रेसच्या कमांड लाइन साधनात शोधून-बदलण्याची आज्ञा आहे, ती हे हिशेब सांभाळते. आधी ती कोरडी, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करता, चालवून किती जागा बदलणार ते पाहा. एचटीटीपीचे पत्ते एचटीटीपीएस करतानाही हीच आज्ञा वापरा.

एवढं करूनही एक मर्यादा राहील. वर्डप्रेसचा शोध अक्षरओळ जुळवतो, व्याकरण जाणत नाही. ‘वाचक’ शोधलं तर ‘वाचकांना’ सापडेल, पण ‘शाळा’ शोधून ‘शाळेत’ सापडणार नाही. त्यावर महागडं प्लगइन घेण्याआधी प्रत्येक लेखाच्या शेवटी विषय, गाव आणि व्यक्तींची नावं मूळ रूपात एका ओळीत लिहा. ग्रंथपालाला हे काम शिकवावं लागत नाही.

आता पत्ते. नवी साइट करण्यातला सगळ्यांत मोठा तोटा इथे असतो आणि एजन्सीच्या दरपत्रकात तो कधीच लिहिलेला नसतो. तुमच्या इतिहासाच्या पानाचा दुवा कुणाच्या तरी प्रबंधात असेल, विकिपीडियाच्या तळटीपेत असेल. पत्ता बदलला की हे सगळं तुटतं. म्हणून नियम असा, की पत्ता बदलायचा नाही, आणि बदलावाच लागला तर जुन्यावरून नव्याकडे कायमचं वळण, म्हणजे ३०१, लावायचं. चारशे पानांची एक तक्तापत्रिका करा: जुना पत्ता, नवा पत्ता, तपासलं का. सगळी जुनी पानं मुखपृष्ठाकडे वळवणं हा आळशीपणा आहे. वाचकाला हवं ते मिळत नाही आणि गूगलही असल्या वळणांना सापडलं नाही असंच धरतं. वळण एकाच उडीत संपलं पाहिजे, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं नको. किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं, मी म्हणेन काढूच नका. त्याला खर्च येत नाही.

देवनागरी पत्त्यांचं एक खास गणित आहे. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता बनवतं तेव्हा देवनागरीच्या प्रत्येक अक्षराची आणि मात्रेचीही नऊ-नऊ चिन्हं होतात. पत्त्याच्या रकान्यात जागा २०० चिन्हांची, म्हणजे जेमतेम बावीस अक्षरं. ‘व्याख्यानमालेचे पहिले पुष्प’ आणि ‘व्याख्यानमालेचे दुसरे पुष्प’ या दोघांचे पत्ते शेवटाला कापलेले निघतात, आणि व्हॉट्सॲपवर पाठवले की टक्केचिन्हांची रांग दिसते. नव्या लेखांना हातानं छोटा रोमन पत्ता द्या. जुन्यांचे आहेत तसेच राहू द्या. कुरूप आहेत, पण चालू आहेत.

वेगाबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमच्या साइटवर दोषी नव्वद टक्के फोटो असणार. मोबाइलवरून थेट चढवलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. चढवण्याआधी रुंदी १६०० पिक्सेल, दर्जा ८० करा, दोन-तीनशे केबीत बसतो. जुन्यांसाठी एकदाच घाऊक लहान करणारं प्लगइन चालवा आणि मूळ प्रती बॅकअपमध्ये ठेवा. मुखपृष्ठावरची सरकती चित्रपट्टी काढा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, हे गूगलचं माप पुरे आहे.

फाँटमध्ये मात्र लक्ष घाला. देवनागरी फाँटची एकेक फाइल शंभर-दोनशे केबीची होते, त्यामुळे साधा आणि ठळक एवढे दोनच घ्या. आकार कमी करण्यासाठी कुणी फाँट ‘छाटून’ दिला तर ‘क्ष्म्य’, ‘र्त्स्न्य’ अशी अवघड जोडाक्षरं टाकून बघा, अडाणी छाटणीत तीच आधी मरतात. इंग्रजी थीममध्ये ओळींचं अंतर कमी असतं, मथळ्यांत वरची मात्रा आणि खालचा उकार कापला जातो. ते दीडपटीच्या वर न्या. अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेघ तुटते. आणि पानाची भाषा मराठी अशी नोंदवा. ती हिंदी किंवा इंग्रजी राहिली, तर ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, तेही हिंदी वळणाचे दिसतात.

आतापर्यंतचा क्रम धरून ठेवा: किल्ल्या, बॅकअप, टप्प्याटप्प्यानं अद्ययावत, मजकुराची दुरुस्ती, पत्ते, मग वेग. रंगरूप सगळ्यांत शेवटी. हे एकदाचं काम दोन-तीन महिन्यांत होतं. पुढची देखभाल थोडी आहे, पण ती कुणा एकाच्या नावावर हवी, कार्यकारिणीच्या ठरावात लिहून.

आठवड्याला पंधरा मिनिटं: अद्ययावत करायचं काय आलंय ते बघणं आणि सुरक्षा दुरुस्ती असेल तर त्याच दिवशी चढवणं. महिन्याला तासभर: सापडत नसलेल्या पत्त्यांची यादी गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये बघून वळणं लावणं आणि संपर्काचा फॉर्म स्वतः भरून ईमेल खरोखर येतो का ते पाहणं. हे दुसरं फार ठिकाणी राहून जातं. सर्व्हरवरून थेट पाठवलेले ईमेल ओळख पटत नाही म्हणून मुकाट्यानं अडवले जातात, आणि ‘हल्ली कुणी चौकशीच करत नाही’ असा समज होतो. फॉर्मचे ईमेल संस्थेच्या खात्यातून, एसएमटीपीनं (खात्यात लॉगिन करून ईमेल पाठवायच्या पद्धतीनं) पाठवायची व्यवस्था करा.

वर्षातून एकदा, वार्षिक सभा झाली की, सगळी पानं डोळ्यांखालून घाला. वेळा, वर्गणी, पदाधिकारी, दूरध्वनी बदला. सभासदांची यादी पत्ते-फोनसकट पीडीएफमध्ये चढवलेली असेल तर ती आजच काढा, वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे आणि कायदा नसता तरी ती तिथे नको होती. कमी वाचलं जातं म्हणून मात्र पान उडवू नका. गावच्या एखाद्या जुन्या शिक्षकावरचा लेख वर्षाला सहाजण वाचत असतील, पण त्या सहांना तो दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. उलट, २०१४ च्या सहलीची सूचना बिनदिक्कत काढा.

एजन्सीला थेट नकार द्यायचं कारण नाही, वरची कामं तीही करू शकते. फक्त दरपत्रकाआधी तिच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावरच राहील, चारशेही जुन्या पत्त्यांचा तक्ता वळणांसकट दिला जाईल, आणि काम सोडताना डेटाबेस व फाइलींची पूर्ण प्रत, उभी करून दाखवून, हाती मिळेल. दुसऱ्या अटीवर ‘त्याची काही गरज नसते’ असं उत्तर आलं तर दुसरी एजन्सी बघा.

सगळ्यांत आधी मात्र त्या मुलाला फोन करा आणि डोमेनची मुदत कधी संपते ते विचारा.